कोरा पंधरवडा

"नाव सांगा."

"तेजल प्रफुल्ल खोब्रागडे."

"कुठे आहात तुम्ही?"

तेजलने वरचं पांढरं छत पाहिलं. जिभेवर तांब्यासारखी चव होती आणि पोटऱ्यांत मुंग्या आल्या होत्या. विचारणारी बाई मराठीत बोलत होती, म्हणजे नागपूरच असणार. "नागपूर विमानतळ," ती म्हणाली. पण हे आठवून नव्हे, अंदाजाने.

"शेवटचं काय आठवतं?"

"मुलीच्या शाळेत पालकसभा होती. बाहेर पहिला बर्फ पडत होता. तिचा एक हातमोजा हरवला म्हणून ती रुसली होती."

"त्यानंतर?"

त्यानंतर काहीच नव्हतं. परिचारिकेने मान डोलावली, तिच्या अंगावर आणखी एक गरम पांघरूण घातलं आणि हातात फोन दिला. नवऱ्याचा, मातियासचा निरोप होता. बाबांचा श्वास फार अवघड झाला आहे, तुझ्या बहिणीने, रेवाने, तसं कळवलं, सुट्टी मंजूर झाली आणि तू निघालीस, असं त्याने सावकाश सांगितलं होतं. मागे मुलगी, ओवी, काहीतरी ओरडत होती, ते नीट कळलं नाही.

तेजलने निरोप दोनदा ऐकला. बाबा आजारी आहेत हे तिला आत्ता कळलं. म्हणजे, दुसऱ्यांदा कळलं.

*

नागपूर ते पुंता अरेनास हे अंतर साडेपंधरा हजार किलोमीटर. चिलीच्या दक्षिण टोकाला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीवर ते गाव आहे. तिथल्या वाऱ्यावर चालणाऱ्या हायड्रोजन प्रकल्पात तेजल नऊ वर्षं इंजिनिअर होती. तिच्या लहानपणी माणसं एवढं अंतर दीड दिवसात कापत. मग रॉकेलसारखं इंधन जाळणाऱ्या विमानांवर जगभर बंधनं आली. तसली विमानं सरकारी कामाला आणि अतिश्रीमंतांपुरती उरली. बाकीच्यांसाठी आली ती सूर्यावर चालणारी. त्यांचे पंख प्रचंड लांब, पाठीवर सौरपत्रे, आणि वेग रस्त्यावरच्या चांगल्या गाडीपेक्षा थोडासाच जास्त. नागपूरहून पुंता अरेनासला पोचायला सहा दिवस लागत.

सहा दिवस माणसांना खाऊपिऊ घालत, बसवून नेण्याइतकं वजन हे विमान उचलू शकत नव्हतं. तोडगा प्राण्यांकडून मिळाला. थंड प्रदेशातल्या काही खारी हिवाळाभर झोपतात. त्यांचं अंग गार पडतं, हृदय मिनिटाला जेमतेम चार-पाच ठोके देतं. माणसाच्या मेंदूतही शरीराचं तापमान ठरवणारी एक गाठ आहे. तिला औषधाने गप्प केलं, की माणूसही तसाच झोपतो. भूक नाही, तहान नाही. प्रवाशांना कप्प्यांत झोपवायचं आणि पोचल्यावर हळूहळू ऊब देऊन उठवायचं. घड्याळाचे सहा दिवस, प्रवाशाची एक डुलकी.

एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. या झोपेत मेंदूच्या पेशींचे एकमेकींना धरून असलेले धागे आखडतात आणि जाग आली की पुन्हा पसरतात. जुन्या आठवणींचे धागे मुरलेले असतात, ते आपापल्या जागी बरोबर परत जातात. नव्यांना मुरायला काही आठवडे लागतात. प्रवासाआधीच्या साधारण दोन आठवड्यांत जे घडलं, ते भिंतीवरच्या ओल्या गिलाव्यासारखं गळून पडतं. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं. लोक म्हणत, कोरा पंधरवडा.

सुरुवातीला कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सामान बांधलं, बाजार केला, हे विसरलं तर काय बिघडलं? पण परदेशी राहणाऱ्यांना सुट्टी मिळे तीच पंधरा दिवसांची. माणूस घरी यायचा, आईच्या हातचं खायचा, मित्रांत हसायचा, आणि परत गेल्यावर यातलं त्याच्याकडे काही उरायचं नाही. फोटो असायचे, व्हिडिओ असायचे. त्यांत आपलाच चेहरा एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखा दिसायचा.

आणखीही एक झालं. निघायला चार दिवस उरले, की घरातले लोक जाणाऱ्याशी असलं काही बोलू लागले, जे ते एरवी कधी बोलले नसते.

*

रेवा बाहेर गाडीजवळ उभी होती. तेजलपेक्षा ती पाच वर्षांनी लहान, पण डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांमुळे मोठी वाटत होती.

"बाबा कसे आहेत?"

"बघशीलच," रेवा म्हणाली आणि बॅग डिकीत टाकली. वाटेत तिने आणखी दोन-तीनच वाक्यं उच्चारली, तीही सिग्नलबद्दल.

बाबा मानकापूरच्या घरात, खिडकीजवळच्या पलंगावर टेकून बसले होते. नाकातून नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी औष्णिक वीज केंद्रात, राखेच्या भागात काढली होती. आता फुफ्फुसं चामड्यासारखी घट्ट झाली होती. त्या झोपेत अशी फुफ्फुसं टिकत नाहीत, म्हणून त्यांना चिलीला नेण्याचा प्रश्नच नव्हता. आई जाऊन सात वर्षं झाली होती.

"तेजू," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "वाळून राहिली तू."

तिने त्यांचा हात धरला. तो हात इतका हलका झाला असेल असं तिला वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेऊन सांगितलं. दोन महिने, फार तर तीन. यापुढे रात्रंदिवस कुणीतरी जवळ लागेल.

रेवा बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. ती घरी नसे तेव्हा शेजारच्या काकू बसत. तेजल आल्यापासून रेवा एकही शब्द जास्त बोलली नव्हती. गेली दोन वर्षं ती व्हिडिओ कॉलवरही बाबांच्या मागून फक्त ये-जा करताना दिसायची. चौथ्या दिवशी, बाबांचा डोळा लागलेला असताना, तेजलने स्वयंपाकघरात तिला गाठलं.

"माझं काय चुकलं ते तरी सांग."

रेवा ज्वारीचं पीठ मळत होती. तिने हात थांबवले नाहीत. "मागच्या वेळी आली होतीस ना, दोन वर्षांपूर्वी. मला लडाखच्या हिमनद्या मोजणाऱ्या पथकात घेतलं होतं. चार वर्षांचं काम होतं. तू इथेच बसून म्हणालीस, जा तू. मी तीन महिन्यांत सुट्टी काढून येते, वर्षभर बाबांजवळ राहते. बाबांसमोर म्हणालीस."

"मला आठवत नाही."

"माहीत आहे."

"मग सांगायचं ना मला फोनवर. असं काही ठरलं तर मी तुला नक्की म्हटलं असणार, की मी विसरले तर आठवण कर."

"म्हणाली होतीस. विमानतळावर, आत जाताना."

"मग?"

रेवाने आता हात थांबवले. परातीकडे बघत ती म्हणाली, "बाबा नको म्हणाले. तिची पोर लहान आहे, विसरली तर विसरू दे, म्हणाले. मी पथकाला नकार कळवला. झालं."

तेजल बाबांच्या खोलीत गेली. ते जागे होते, बहुधा सगळं ऐकलं होतं. "बाबा, मला आठवण करून द्यायची नाही, असं तुम्ही सांगितलं होतं रेवाला?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. पिठाच्या हातांनी रेवा तिथे येऊन उभी होती. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "मीच म्हटलं."

*

पथकाला यंदाही माणूस हवा होता. पहिल्यासारखं चार वर्षांचं काम नव्हतं, जून ते ऑगस्ट असा एकच हंगाम. रेवाने ते सांगितलं नव्हतं. तिच्या फोनवर आलेला निरोप तेजलने चुकून वाचला.

अडचण सूर्याची होती. मे संपता संपता दक्षिणेकडे हिवाळा सुरू होतो. पुंता अरेनासला दुपारचा सूर्यसुद्धा क्षितिजापासून फार वर येत नाही. त्या उजेडावर विमान चालत नाही. शेवटचं विमान मेच्या मध्यावर निघायचं, त्यानंतरचं सप्टेंबरात. तेजलचं तिकीट त्या शेवटच्या विमानाचं होतं.

तिने मातियासला फोन लावला. त्याच्याशी ती स्पॅनिशमध्ये बोलायची, ओवीशी मराठीत. तिने त्याला सगळं सांगितलं: रेवा, लडाख, दिलेला शब्द.

"म्हणजे सप्टेंबरपर्यंत?" त्याने विचारलं.

"मी कबूल केलं होतं, मातियास. माझ्यामुळे तिची दोन वर्षं गेली."

त्याने खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "इथून निघताना तू आणखी एक कबूल केलंस."

"काय?"

"ओवीला म्हणालीस, शेवटच्या विमानाने परत येते. काही झालं तरी. ती तुला सोडतच नव्हती. गेल्या खेपेला तू परत आलीस तेव्हा, निघण्याआधी तिच्याबरोबर केलेलं काहीतरी तुला आठवत नव्हतं, ते तिच्या मनात बसलंय. तू विमानतळावर खाली बसून तिला तीनदा सांगितलंस. मी तिथेच होतो."

दोन मुलखांत तिने दोन शब्द दिले होते. दोन्ही मनापासून दिले असणार, कारण ती तशीच होती. आणि दोन्हींमधला एकही तिच्याकडे नव्हता. कुणा तिऱ्हाइताने तिच्या नावाने सह्या करून ठेवल्या असाव्यात आणि निभावणं तेवढं तिच्याकडे आलं असावं, असं तिला वाटलं.

"तिला दे फोन," ती म्हणाली.

ओवी आठ वर्षांची होती. तिने सगळं ऐकून घेतलं. आजोबांना खूप बरं नाही, मावशीला कामाला जायचं आहे, आई थोडी उशिरा येईल.

"थोडी म्हणजे?"

"बर्फ वितळला की."

"तू म्हणाली होतीस," ओवी म्हणाली.

"हो राजा."

"तुला आठवतं का?"

खोटं बोलायला एक क्षण पुरे झाला असता. तेजलने तो जाऊ दिला. "नाही आठवत," ती म्हणाली.

ओवीने फोन वडिलांकडे दिला.

रात्रभर विचार करूनही काही नवं सुचलं नाही. सकाळी तिने तिकीट पुढे ढकललं. रेवाला सांगितलं तेव्हा रेवा म्हणाली, "जाशील तू. विमान सुटेपर्यंत मी काही धरून चालत नाही." विमान सुटलं त्या दिवशी तेजल बाबांची नखं कापत होती. दुसऱ्या दिवशी रेवाने कपाटावरची सॅक खाली काढली.

*

जून सरला. बाबा दिवसेंदिवस कमी बोलू लागले. तेजल त्यांना उठवायची, पुसायची, भरवायची. पेज गिळायलाही त्यांना दम लागायचा. एकदा त्यांनी विचारलं, "तिकडे वारा कसा असते?" ती सांगत बसली. माणसं दोरीला धरून रस्ता ओलांडतात, झाडं एकाच बाजूला वाकलेली असतात, आणि त्या वाऱ्यावर पाणी फोडून वायू काढतात, तो जाळला तर राख होत नाही.

"राख नाही," ते म्हणाले. त्यांना ते फार आवडलं.

ओवीचे फोन आधी रोजचे होते, मग आठवड्यातून दोनदा झाले. ती मराठीत विचारलेल्या प्रश्नांना स्पॅनिशमध्ये उत्तरं देऊ लागली. दात पडला, तो दाखवायला तिने तोंड उघडलं नाही. मातियास म्हणायचा, शाळेत ठीक आहे, घरी जरा गप्प असते. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तेजलला बरं वाटलं असतं.

जुलैच्या मध्याला, दुपारी, बाबा गेले. शेवटचे काही तास त्यांना फार त्रास झाला. यंत्र पूर्ण दाबाने चालू होतं आणि तरी छाती उपसल्यासारखी वरखाली होत होती. तेजलने त्यांना मागून टेकू दिला होता, त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. ते थांबल्याचं तिला आवाजावरून कळलं. यंत्र चालूच होतं, दुसरा आवाज नव्हता.

रेवा चौथ्या दिवशी पोचली. घाटावरचं सगळं उरकलं होतं. पुण्यानुमोदनाला घर माणसांनी भरलं, त्रिशरण-पंचशील झालं, जेवणं झाली. दोघी बहिणी पाहुण्यांच्या गर्दीत एकमेकींच्या वाट्याला आल्याच नाहीत. हंगाम संपायचा होता, रेवा लगेच परत गेली. तेजल मोकळ्या घरात राहिली. काम सरलं होतं आणि विमान दोन महिने नव्हतं. एकदा तिने पुंता अरेनासची सकाळी नऊची वेळ बातमीत पाहिली. रस्त्यावरचे दिवे लागले होते.

*

सप्टेंबरच्या सुरुवातीला रेवा परतली. चेहरा उन्हाने रापला होता, ओठ फुटले होते, आणि ती चक्क हसत होती. बर्फात भोकं पाडून नळ्या पुरायच्या, दर पंधरा दिवसांनी मोजायच्या, असं बरंच काही तिने सांगितलं. तेजलच्या निघण्याला दहाएक दिवस होते.

त्या दिवशी सकाळी दोघी बाबांचं यंत्र परत द्यायचं म्हणून पुसत बसल्या होत्या. रेवा नळी गुंडाळताना थांबली.

"ताई, एक सांगायचं आहे. आता सांगते, कारण तू विसरशील."

तेजलने फडकं खाली ठेवलं.

"बाबा नको म्हणाले नव्हते. आठवण करून देऊ नको, असं ते कधीच म्हणाले नाहीत. ते रोज विचारायचे, तेजू कधी येऊन राहिली. तुला ओझं नको म्हणून फोनवर तुझ्याजवळ तो विषय काढायचे नाहीत. मला विचारायचे. मी म्हणायची, कामात आहे ती."

"का?"

"मला बघायचं होतं, तू न सांगता येतेस का ते." रेवाचा आवाज अगदी सपाट होता. "येणार नाहीस हे मला माहीत होतं. विसरलेला माणूस कसा येणार? तरी मी बघत बसले. आधी एक महिना. मग वाटलं, आता सांगितलं तर, आधी का नाही सांगितलं म्हणशील. मग पथकाला नकार कळवला, आणि मग राग धरायला बरं पडलं. तू विचारलंस तेव्हा बाबा माझ्यासाठी खोटं बोलले."

तेजल उठून बाहेर गेली. पाय नेतील तिकडे चालत राहिली. एका वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून तिने ओंजळीत तोंड लपवलं. बाबांनी दोन वर्षं वाट पाहिली होती. चालते-बोलते असताना, श्वास पुरत असताना. तिला मिळाले ते शेवटचे दोन महिने, आणि त्यांच्यासाठी तिने ओवीला दिलेला शब्द मोडला.

दोन दिवस ती रेवाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रेवा बाबांच्या पलंगाची गादी एकटीच ओढत होती, ती दाराच्या चौकटीत अडकली. तेजलने दुसरं टोक धरलं. गादी बाहेर काढून दोघी तिच्यावरच टेकल्या, दमलेल्या.

"तू एकटी होतीस," तेजल म्हणाली. "दोन वर्षं. ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी विचारलं नाही."

रेवा रडू लागली. तेजलने तिला जवळ ओढलं. लहानपणी आई ओरडली की रेवा अशीच तिच्या कुशीत शिरायची. दोघी किती वेळ तशा होत्या कुणास ठाऊक.

"हे मी फोनमध्ये बोलून ठेवते," तेजल नंतर म्हणाली. "नाहीतर पुसलं जाईल."

"नको. यंत्रातून ऐकू नको. मी सांगीन तुला, तू पोचलीस की. माझ्या तोंडून ऐक."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

"आणि मी पुन्हा रागावले तर?"

"तर पुन्हा दोन दिवस थांबीन," रेवा म्हणाली. मग दोघी हसल्या. उरलेले दिवस त्या एकाच खोलीत झोपल्या.

*

पुंता अरेनासला बर्फाची चिखलट कड रस्त्याला अजून लागून होती. तेजलला शेवटचं आठवत होतं ते रिकामं घर. फाटकाची कडी वाजली की रेवा आली असं वाटून ती उठायची, तर शेजारच्या काकू असायच्या.

विमानतळावर मातियासने तिला मिठी मारली. ओवी त्याच्या मागे उभी राहिली. ती उंच झाली होती. तेजलने तिच्या हाताला हात लावला, ओवीने लावू दिला, एवढंच. घरी पोचल्यावर तिने स्पॅनिशमध्ये वडिलांना विचारलं, आई किती दिवस राहणार आहे. मातियास म्हणाला, कायमची. ओवीने खांदे उडवले.

संध्याकाळी तेजलने रेवाला फोन लावला. नागपुरात पहाट होत होती. पडद्यावर रेवा दिसली आणि तेजल बघतच राहिली. रेवा कितीतरी वर्षांनी तिच्याकडे सरळ बघत होती, मऊ नजरेने.

"पोचलीस ताई?"

"पोचले. तू कधी आलीस लडाखहून? आपण भेटलो ना?"

"भेटलो ना. दहा दिवस होतो एकत्र."

"सांग ना मग. काय काय झालं?"

रेवाने श्वास घेतला. ओठ उघडले, मिटले. तिच्या मागे खिडकीजवळची जागा रिकामी होती, पलंग नव्हता.

"काही नाही गं," ती म्हणाली. "मशीन परत केली. घर आवरलं. तू खूप झोपलीस."

"भांडलो नाही ना?"

"नाही. नाही भांडलो."

"बरं झालं." तेजलने कपाळावर आलेले केस मागे सारले. "रेवा, मला एक बोलायचं होतं, तिथे बोलले की नाही माहीत नाही. बाबांनी तुला गप्प बसायला सांगितलं आणि मी तुलाच जाब विचारला. ते नको होतं विचारायला. चुकलं माझं."



"असू दे ताई," रेवा म्हणाली. मग तिने मान वळवली. "आवाज तुटून राहिला तुझा. मी नंतर करते."

फोन बंद झाला. टेबलाच्या पलीकडून ओवी बघत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा ती आपणहून मराठीत बोलली.

"मावशी रडत होती."

"हो," तेजल म्हणाली. "आजोबांची आठवण आली असेल तिला."